इस्रायल आळीतली मशीद

आमच्या घरात शनिवारी तेल विकत आणत नसत. मारुतीला वाहायचं तेलसुद्धा शुक्रवारीच आणून ठेवलेलं असे. हा रिवाज महाराष्ट्रात घरोघर आहे आणि बहुतेकजण त्याचं कारण शनीच्या साडेसातीत शोधतात. माझ्या आजीचं कारण वेगळं होतं. ती म्हणे, "शनवारी तेल मिळायचंच कुठे? तेली त्या दिवशी घाण्याला बैल जुंपत नसत." हे तिनं तिच्या आजीकडून ऐकलेलं. सगळ्या महाराष्ट्राच्या रिवाजाचा उलगडा एवढ्यानं होत नाही, हे उघड आहे. पण आमच्या अष्टागरापुरतं, म्हणजे अलिबागेभोवतालच्या किनारपट्टीपुरतं, तिचं म्हणणं मला आजही खरं वाटतं. इथल्या गावागावांत तिळाचं, खोबऱ्याचं तेल गाळणारी एक जमात होती. शुक्रवारचा सूर्य मावळला की ती घाणा थांबवायची आणि शनिवारचा मावळेपर्यंत त्याला हात लावायची नाही. का, हे शेजारपाजारच्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी त्या लोकांना नुसतं 'शनिवार तेली' म्हटलं आणि विषय संपवला.

ते शनिवार तेली म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. त्यांची नातवंडं-पतवंडं आमच्या अलिबागेत इस्रायल आळीत राहत होती. आळीत त्यांची मशीद. सिनेगॉग हा शब्द आम्ही पुढे पुस्तकात वाचला. ते स्वतः मशीदच म्हणत आणि गावही तेच म्हणे. तिचं हिब्रू नाव मागेन आबोत, म्हणजे पूर्वजांची ढाल. बांधली १८४८ साली, आणि आज उभी आहे ती वास्तू १९१० साली नव्यानं उभारलेली.

तिची किल्ली आबांकडे असायची. आबा आमचे कोणी नात्याचे नव्हेत, पण आळीतल्या सगळ्या पोरांचे ते आबाच होते. मुंबईत पोस्टात नोकरी करून ते निवृत्त झाले आणि गावच्या घरी येऊन राहिले. मशिदीची झाडलोट, दिवाबत्ती, सणावाराची तयारी हे सगळं शमासाचं काम त्यांनी आपखुशीनं अंगावर घेतलं होतं. संध्याकाळी ते ओट्यावर बसत आणि गोष्टी सांगत. गोष्टीच्या सुरुवातीला "सांगतात" हा शब्द आला की ती वाडवडिलांकडून आलेली. तो नसला की आबांनी स्वतः पाहिलेली. या नेमात त्यांनी कधी गफलत केली नाही. इतिहास सांगणाऱ्या भल्याभल्यांना हे जमत नाही.

अलिबाग हे नावच आपल्या माणसाचं, असं आबा सांगत. अली नावाचा एक सधन बेने इस्रायल होता, त्याच्या नारळा-आंब्यांच्या बागा होत्या, त्याने विहिरी खोदल्या, म्हणून अलीची बाग, म्हणून अलिबाग. इंग्रजांच्या वेळच्या गॅझेटियरात हाच अली श्रीमंत मुसलमान आहे. आळीच्या पलीकडच्या मोहल्ल्यात अर्थातच गॅझेटियर खरं मानत. आबांना कोणी हे ऐकवलं की ते म्हणत, "विहीर कोणी खणली ते भांडून ठरवा. पाणी दोघांनी प्यायलंय."

त्यांची मूळ गोष्ट मात्र नवगावची. अलिबागच्या उत्तरेला, थळच्या पुढे, समुद्रकाठचं हे लहानसं गाव. सांगतात, फार फार वर्षांपूर्वी पश्चिमेकडून एक गलबत आलं, ते खांदेरी-उंदेरीच्या आसपास खडकांवर आपटून फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेतं गावकऱ्यांनी वाळूतून गोळा केली. पुरुषांना एका जागी पुरलं, बायकांना दुसऱ्या. ते दोन उंचवटे नवगावला आजही दाखवतात. तिथं बेने इस्रायलांचं जुनं कब्रस्तान आहे आणि स्मारकाचा खांब उभारलेला आहे. जहाजाबरोबर धर्माची पोथ्यापुस्तकं बुडाली. वाचलेल्यांना पाठ होती ती शेमाची प्रार्थना, एका देवाची ग्वाही देणारी. पुढच्या कित्येक पिढ्यांनी जन्माला, सुंतेला, लग्नाला आणि मृत्यूलाही तेवढीच म्हटली.

पुढे ही माणसं नवगावहून कोकणभर पसरली. जिथं घाणा टाकला त्या गावचं नाव लावलं. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर, तसेच झिराडकर, नागावकर, वाकरुळकर. अशी शंभराहून अधिक आडनावं आहेत, आणि ती एकापुढे एक वाचत गेलं की रायगड जिल्ह्याचा नकाशा तयार होतो. त्यातल्या काही गावांत आज एकही बेने इस्रायल घर नाही. पण गाव मात्र दूर कुणाच्या तरी आडनावात शाबूत आहे.

ही चौदा माणसांची गोष्ट मी पहिल्यांदा आजीला सांगितली तेव्हा ती लगेच म्हणाली, "अरे, हे तर चित्पावनांचं!" तिचं खरं होतं. सह्याद्रिखंडातल्या कथेत परशुरामाला समुद्रकाठी चौदा प्रेतं सापडतात आणि तो त्यांना शुद्ध करून जिवंत करतो. तिथंही समुद्र, तिथंही चौदाच. अभ्यासकांनी या साम्याची बरीच चर्चा केली आहे. कोणी कोणाची गोष्ट उचलली यावर त्यांचं एकमत नाही. मला वाटतं, ज्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं अरबस्तान, इराण, आफ्रिकेची जहाजं चौलच्या बंदराला लागत होती, तिथं फुटलेलं जहाज ही नवलाची गोष्ट नव्हतीच. पाण्यातून आलेल्या माणसाला आपलं म्हणायची एक रीत या किनाऱ्याला ठाऊक होती. ती दोघांनी आपापल्या परीनं सांगितली.

ते जहाज कधी फुटलं? कोणी म्हणतं इसवी सनापूर्वी पावणेदोनशे वर्षं, कोणी म्हणतं त्याच्याही आधी, इस्रायलच्या हरवलेल्या दहा वंशांच्या वेळी, तर कोणी सहाव्या शतकापर्यंत खाली आणतं. हाईम सॅम्युअल किहीमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा मोठा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. किहीमकरांच्या पुस्तकाचा कणाही वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टींचाच आहे. अलीकडे, २०१६ मध्ये, जनुकांच्या एका अभ्यासात बेने इस्रायलांच्या पूर्वजांत मध्यपूर्वेतले यहुदी आणि इथले भारतीय असे दोन्ही धागे सापडले. हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं, असा त्या संशोधकांचा हिशेब. आबा तोवर गेले होते. असते तर म्हणाले असते, "म्हणजे बोट आली होती, एवढं नक्की ना?"

दुसरी गोष्ट काकींची. काकी म्हणजे आबांच्या घरातल्या. दावीद राहाबीची गोष्ट आबाही सांगत, पण ती काकींच्याच तोंडी शोभायची, कारण ती बायकांची गोष्ट आहे. सांगतात, कोचीनहून राहाबी नावाचा एक जाणता यहुदी व्यापारी कोकणात आला. शनिवार पाळणारे, मुलाची आठव्या दिवशी सुंता करणारे हे तेली त्याच्या पाहण्यात आले. हे आपलेच तर नव्हेत, अशी त्याला शंका आली. खात्री करून घ्यायला त्याने बाजारातून सगळ्या जातीचे मासे आणले, एका पाटीत घातले आणि घरातल्या बाईला रांधायला दिले. तिनं पाटीतले पर आणि खवले असलेले तेवढे मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. "हे आम्ही खात नाही." का खात नाही ते तिला सांगता येईना. तोराची, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथाची, आज्ञा तशीच आहे, हे राहाबीला ठाऊक होतं. त्याने ओळखलं. मग त्याने तीन माणसांना हिब्रू आणि धर्माचार शिकवले, काजी नेमले. त्यांची घराणी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर.

या राहाबीचा काळ कोणी हजार वर्षांमागे नेतं. कोचीनच्या नोंदींत दावीद एझेकिएल राहाबी नावाचा जो मोठा व्यापारी सापडतो तो अठराव्या शतकातला. माझं मन अठराव्या शतकाकडे झुकतं, पण काकींना तारखेत रस नव्हता. त्यांचा सगळा भर त्या पाटीवर. बाजारात जाताना त्या मला बरोबर नेत. कोळणीपुढे उकिडव्या बसून पापलेट उलटंपालटं करत, अंगठ्याच्या नखानं शेपटीकडून डोक्याकडे हलकेच खरवडत आणि नखाला लागलेला तांदळाच्या कणीहून बारीक, चकचकीत खवला मला दाखवत. "हा बघ. हा आहे म्हणून आपण आहोत." कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या, माकूल, मुशी यांच्याकडे त्या वळूनही बघत नसत, आणि कोळीणही त्यांना कधी आग्रह करत नसे. मटणाच्या रश्शात दूधदुभत्याचा थेंब चालत नाही म्हणून त्यांच्याकडे सगळं नारळाच्या दुधात व्हायचं. आम्हां कोकण्यांना त्यात वेगळं असं काही वाटलंच नाही.

म्हणून मशिदीचा इतिहास सांगताना सुरुवात दगडचुन्यापासून केली तर ती फसते. बेने इस्रायलांना प्रार्थनेची वास्तू मिळाली ती फार उशिरा. शेकडो वर्षं त्यांच्याकडे मशीद नव्हती, तोराची हस्तलिखित गुंडाळी म्हणजे सेफेर तोरा नव्हता, धर्मगुरू रब्बी तर कधीच नव्हता. होता तो बंद ठेवलेला घाणा, निवडलेली मासळी आणि एक प्रार्थना. अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत सगळं घरात होतं, आणि घरातलं बहुतेक बायकांच्या हातात.

पहिली मशीद उभी राहिली त्याची गोष्ट कैदेतून सुरू होते. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल एझेकिएल, कंपनी सरकारच्या मुंबईच्या पलटणीत हुद्द्यावर होते. दुसऱ्या म्हैसूर युद्धात ते टिपूच्या हाती लागले. सांगतात, कैद्यांना मारायचा हुकूम झाला तेव्हा यांना जात विचारली गेली. हे म्हणाले, "बेने इस्रायल." पडद्याआड टिपूची आई होती. तिनं म्हटलं, बनी इस्राईलचं नाव तर कुराणात आहे, हे लोक मी कधी पाहिलेले नाहीत, यांना मारू नका. दिवेकर वाचले. सुटून परत आले आणि बोललेला नवस फेडायला १७९६ साली मुंबईत मांडवीला त्यांनी शाआर हारहामीम, दयेचं दार, या नावाची मशीद बांधली. तीच लोकांची जुनी मशीद. रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट नाव पडलं, आणि हार्बर-मध्य रेल्वेवरच्या मस्जिद स्टेशनचं नावही याच वास्तूवरून आलं असं मानतात. तिच्यासाठी सेफेर तोरा आणायला म्हणून दिवेकर कोचीनला गेले आणि तिकडेच वारले.

कोकणातल्या मशिदी त्यानंतरच्या. रेवदंड्याची बेथ एल १८४२ ची, अलिबागची १८४८ ची, पनवेलची १८४९ ची, पेणची १८६३ ची. या तारखा ओळीनं ठेवल्या की त्यांच्यामागचा पैसा दिसायला लागतो. एकेकाळी आंग्र्यांच्या आरमारातही बेने इस्रायल होते. पण कंपनीच्या पलटणींत त्यांनी मोठ्या संख्येनं नाव लावलं आणि सुभेदार, जमादार होऊन पेन्शन घेऊन ते गावी परतले. १८४० मध्ये आंग्र्यांचं कुलाबा संस्थान खालसा झालं आणि जिल्हा इंग्रजी अमलाखाली आला. पुढच्या पिढीची मुलं मुंबईत रेल्वेत, गोदीत, कचेऱ्यांत कारकून झाली. घाण्यावरून उठलेला समाज दोन-तीन पिढ्यांत लेखणीपर्यंत गेला आणि त्याने गावात, आपल्या आळीत, देवासाठी पक्कं घर बांधलं. पुण्याचं लाल देऊळ, तीही यहुद्यांची मशीदच, आठवा. १८६७ चं, डेव्हिड ससूनच्या दौलतीतून उभं राहिलेलं, लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं. ते बगदादी यहुद्यांच्या वैभवाचं. आमच्याकडच्या मशिदी पेन्शनच्या आणि पगारातून काढलेल्या वर्गणीच्या आहेत, आणि त्या मला अधिक जवळच्या वाटतात त्याचं हेच कारण आहे.

बाहेरून पाहिलं तर या वास्तू आसपासच्या मोठ्या घरांत मिसळून जातात. भोवती कंपाउंड, माडांची सावली, पावसाचं पाणी झटकन उतरावं म्हणून दोन्ही बाजूंनी उतरतं छप्पर. घुमट नाही, मनोरा नाही. अलिबागची दुमजली आहे. आत गेलं की मात्र जागेची मांडणी एकदम वेगळी. देवळात आपली नजर गाभाऱ्याकडे जाते. इथं ती आधी मधोमध थांबते. तिथं तेबा असतो, लाकडी कठड्याचा उंच चौथरा. हजान त्यावर उभा राहून प्रार्थना म्हणतो आणि लोक चारी बाजूंच्या बाकांवर बसतात. म्हणजे म्हणणारा लोकांच्या पुढे नसतो, लोकांमध्ये असतो. पश्चिमेच्या भिंतीत हेखाल, पडदा लावलेलं कपाट, आणि त्यात सेफेर तोरा. चर्मपत्रावर हातानं लिहिलेली ती गुंडाळी आमच्याकडे उभ्या, गोलाकार लाकडी पेटीत ठेवतात. वर चांदीच्या घुंगरांचे तुरे. पेटी बाहेर काढली की घुंगरं किणकिणतात आणि वरच्या गॅलरीतल्या बायका कठड्यापाशी येतात. तोरा वाचायची ती उभीच ठेवून. अक्षरांवर बोट लावायचं नाही, चांदीची हाताच्या आकाराची काडी फिरवायची. या पट्ट्यातल्या मशिदींत एलियाहू हानाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची, खुर्चीही असते. मुलाची सुंता त्या खुर्चीपाशी होते.

हेखाल पश्चिमेला, कारण कोकणातून जेरुसलेम पश्चिमेला. पण अलिबागेत पश्चिमेला समुद्रही आहे. आबा म्हणायचे, "जिकडून आलो तिकडेच तोंड करून उभे राहतो."

शुक्रवारी दुपारी मी आबांबरोबर दिवे भरायला जाई. हेखालासमोर अखंड तेवणारा दिवा आणि छताला साखळ्यांनी टांगलेले काचेचे पेले. आबा एकेक पेला खाली घेत, जुनी काजळी राखेनं घासून काढत, मग आधी पेल्यात अर्ध्याच्या वर पाणी ओतत आणि त्यावर दोन बोटं खोबरेल. तेल वर तरंगायचं आणि खाली पाणी राहायचं. त्यात तारेच्या बैठकीत कापसाची वात. तेल किती घालायचं हे त्यांच्या हातात बसलेलं होतं, कारण सूर्य मावळला की दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत विस्तवाला हात लावायचा नाही. मधे दिवा विझला तर विझला. तेल संपलं की वात पाण्याला टेकते, तडतडते आणि आपोआप शांत होते. काच तापून तडकत नाही. वीज केव्हाच आली होती, पण हा दिवा आबांनी बल्बवर जाऊ दिला नाही. तेल्यांच्या मशिदीत तेलाचाच दिवा हवा, एवढंच ते म्हणत.

सणांची नावं सगळी आपली. नव्याचा सण, खिरीचा सण, अनाशी ढाकायचा सण, बिरड्याचा रोजा. नव्याच्या सणाला काकींकडचा गव्हाच्या चिकाचा आणि नारळाच्या दुधाचा हलवा आमच्याकडे यायचा. सबतसाठी, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत होई, कारण आशीर्वादाला द्राक्षाचा रस लागतो आणि कोकणात द्राक्षं कुठली? दार फाळणीच्या सणाला मात्र शेजार तुटायचा. तो योम किप्पुर, कडक उपासाचा दिवस. माणसं पांढरे कपडे घालून दिवसभर मशिदीत. "त्या दिवशी त्यांच्या दारात हाक मारायची नाही," आजीनं आम्हांला बजावून ठेवलं होतं. "त्यांचे पितर आलेले असतात." दुसऱ्या दिवशी दारं उघडत, गोरगरिबांना दानधर्म होई आणि आळीत मोठी माणसं एकमेकांचे हात हातात घेऊन मग स्वतःची बोटं ओठांना लावत. हातबोशी म्हणतात त्याला. आबांनी ती माझ्याशीही केली आहे.

एलियाहू हानाबीवर त्यांची फार श्रद्धा. अलिबागजवळच्या सागाव-खंडाळ्याला एक खडक आहे. त्यावरचे चर आणि खळगे म्हणजे एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा. नबी इथून रथासह स्वर्गात गेला, अशी श्रद्धा. त्याला एलियाहू हानाबीचा टापा म्हणतात. नवस बोलायला आणि फेडायला तिथं आजही मुंबई-ठाण्याहून माणसं येतात, इस्रायलहूनही येतात. नवस फेडताना मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा आणि वर फळं. जगातल्या इतर यहुद्यांकडे हा विधी नाही. आजीनं तो मलिदा कायम प्रसाद म्हणून दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांना लावून मगच खाल्ला. तिच्यापुरता हानाबी कोकणातलाच एक देव होता.

भाषेबद्दल हे लोक किती हळवे होते, त्याचं मला कौतुक आहे. १८७४ साली पुण्याला छापलेली एक हग्गादा आहे, अनाशीच्या सणाला घरात वाचायची पोथी. हिब्रूशेजारी मराठी, आणि चित्रांत नऊवारी नेसलेल्या बायका सणाच्या बिनखमिराच्या भाकरीची तयारी करताहेत. १८८० च्या सुमारास त्यांनी आपली कीर्तनंही सुरू केली. पूर्वरंग, आख्यान, साकी, दिंडी सगळं तसंच, फक्त आख्यान योसेफाचं किंवा मोशेचं. आबांच्या वडिलांनी असं कीर्तन मशिदीच्या आवारात ऐकलेलं होतं. त्यातल्या काही चाली आबा गुणगुणत. शब्द आठवत नसत, पण चाल चुकत नसे.

आबा एका गोष्टीबद्दल बोलत नसत. बेने इस्रायलांत गोरे आणि काळे असे भेद होते. काळे इस्रायल म्हणजे इथल्या बायकांशी झालेल्या संबंधांतून जन्मलेल्यांचा वंश, असं गोरे मानत. त्यांच्याशी सोयरीक नाही, पंगत वेगळी, मशिदीत बसायची जागा मागे, सेफेर तोराला हात लावायची मुभा नाही. शेजारच्या जातींनी जे शिकवलं ते याही समाजानं गिरवलं. हे मी पुढे वाचलं आणि आबांना विचारलं, तेव्हा ते "ते आता राहिलं नाही" एवढंच म्हणाले आणि आत गेले.

आणि मग वंशावरून पारखलं जायची वेळ साऱ्या समाजावरच आली. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र झालं आणि त्यानंतर घरं हलायला लागली. आळीतली कुटुंबं एकेक करून मुंबईला आणि तिथून बोटीनं, विमानानं इस्रायलला गेली. लोद, रामले, बीरशेबा, दिमोना ही नावं अलिबागच्या पोस्टात रोजची झाली. कुणी हाकललं नव्हतं, छळ तर कधीच झाला नव्हता. सकाळ-संध्याकाळ ज्या दिशेला तोंड करून प्रार्थना केली तिकडे जायची वाट खुली झाली होती. पण तिथल्या मुख्य धर्मपीठानं १९६२ च्या सुमारास फर्मान काढलं की बेने इस्रायलांशी लग्न लावण्याआधी त्यांची पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ तपासावी. तुम्ही खरे यहुदी कशावरून? ज्यांनी पोथी बुडाल्यावरही शनिवार सोडला नाही त्यांना हा प्रश्न. आबांचा धाकटा भाऊ तेव्हा लोदला होता. त्याची त्या वेळची पत्रं काकींनी जपून ठेवली होती. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये या लोकांनी धरणं धरलं. सरकार आणि संसद दोघांनाही त्यांच्या बाजूनं उभं राहावं लागलं. बेने इस्रायल सर्व अर्थांनी यहुदी आहेत, हे जाहीर झालं. ते पत्र आबांनी सगळ्या आळीला वाचून दाखवलं, आम्हांलाही. आज ते पत्र आठवलं की वाटतं, गोऱ्या-काळ्याबद्दल त्यांनी तोंड का फिरवलं होतं ते थोडंसं कळतंय.

१९५१ च्या जनगणनेत भारतात २६ हजारांवर यहुदी होते. आज चार-पाच हजार उरले असतील आणि त्यांतले बहुतेक मुंबई-ठाण्यात. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबाग आणि भोवतालच्या गावांत मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं. सामूहिक प्रार्थनेला मिनियान लागतो: तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. नऊ असले तर सेफेर तोरा बाहेर निघत नाही. आबांच्या शेवटच्या वर्षांत शनिवारी सकाळी हीच मोजणी चाले. कोण आजारी, कोण मुंबईला, रेवदंड्याहून कोणी येतंय का. दारात मी उभा असलो की आबा माझ्याकडे बघत, हसत, आणि रस्त्याकडे बघायला लागत. मशिदीच्या भिंती जाड आहेत, लाकूड जुनं सागवान आहे, निगा राखली तर ती अजून शंभर वर्षं उभी राहील. पण तिचं काम चालतं ते दहा माणसांवर, आणि तो दहावा मी होऊ शकत नव्हतो.

आता हिवाळ्यात इस्रायलहून बस येतात. साठी-सत्तरीची माणसं, बरोबर तिकडेच जन्मलेली मुलं-नातवंडं. टापा, नवगाव, मशीद असा त्यांचा फेरा ठरलेला. मागे आबांच्या त्याच भावाचा नातू आला होता. लोदचा जन्म, पेशानं इंजिनिअर. आजीकडून ऐकून ऐकून आलेलं मराठी, थोडं आपल्या अष्टागरी वळणाचं. त्या दिवशी मिनियान भरला, बसमधल्या पुरुषांमुळे जास्तच भरला. प्रार्थना झाल्यावर तो मला शोधत आमच्या घरी आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की आबांच्या गोष्टी याला ठाऊक आहेत. समोर मोबाइल ठेवून त्यानं रेकॉर्डिंग चालू केलं. "काका, आमच्या आबाआजोबांनी सांगितलं तसंच सांगा."

मी त्यांच्याच क्रमानं सांगितलं. आधी नवगाव, मग काकींची माशांची पाटी, मग दिवेकर आणि टिपूची आई. जिथं ते "सांगतात" म्हणत तिथं मीही म्हटलं. त्यांचा बाक कुठला, दिव्यात तेल किती घालत, तेही दाखवलं. त्यानं खूप विचारलं. शेवटी म्हणाला, गोरे-काळे असं काही होतं का हो, आमच्याकडे कोणी नीट बोलत नाही. मी त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं सांगितलं. आबांनी ते मला कधी सांगितलं नव्हतं, हेही सांगितलं.